जेमतेम दिसेल इतकं

वाशीमकडच्या मालेगावच्या बाजारात कुणी धम्मरत्न वानखडेला चोर म्हटलं असतं, तर त्याने त्याला आधी स्टूल दिलं असतं, चहा सांगितला असता आणि मग शांतपणे विचारलं असतं, की बाबा, काय चोरलं मी? पण ‘धम्मूभाऊ, तुह्या व्हिडिओत काही दिसून नाही राह्यलं’ एवढं कुणी म्हणायचा अवकाश, या गृहस्थाच्या कानशिलावरची शीर टरारून फुगायची, चष्मा नाकाच्या शेंड्यावर यायचा आणि पुढची वीस मिनिटं बोलणाऱ्याची सुटका नसायची.

धम्मरत्न फोटोग्राफर. वय चव्वेचाळीस, रंग पिकल्या जांभळाचा, आवाज लग्नातल्या घोषणेचा. बस स्टँडच्या मागच्या गल्लीत त्याचा ‘प्रकाश फोटो स्टुडिओ’. प्रकाश हे सासऱ्यांचं नाव. गाळा त्यांचा होता, तेव्हा पाटीवर दुसरं कोण येणार? या प्रकाश स्टुडिओच्या मागे एक बिनखिडकीची खोली होती. जुन्या काळी तिथे लाल बल्बाच्या उजेडात फोटो धुतले जायचे. रीळ गेलं, रसायनं गेली, खोली तेवढी उरली. दुपारी दोन ते चार मालेगाव वामकुक्षी घेतं, त्या वेळात धम्मरत्न स्टुडिओतला संगणक चाकाच्या टेबलासकट त्या खोलीत ढकलत न्यायचा, दार लावून घ्यायचा आणि जुने भुताखेतांचे खेळ खेळत त्यांचे व्हिडिओ करायचा. चॅनलचं नाव ‘गडद’. पाहणारे तीनशे अठरा, त्यांतले चाळीस सोयरे.

खेळही साधासुधा निवडला नव्हता. पंचवीस वर्षांपूर्वीचा, डोंगरातल्या एका बंद पडलेल्या इस्पितळाचा. हरवलेल्या भावाला शोधायला आलेला एक माणूस हातात मरतुकडी बॅटरी घेऊन खोल्याखोल्यांतून फिरतो. धावपळ नाही, बंदुका नाहीत. धुकं, ओल, गळणारा नळ आणि अंधार. हा अंधार हेच धम्मरत्नच्या मते त्या खेळाचं मुख्य पात्र होतं. आता जिथे अंधार हेच पात्र आहे तिथे ‘उजेड वाढवा’ म्हणणं म्हणजे लग्नाला जाऊन ‘नवरी तेवढी बाजूला करा’ म्हणण्यासारखं नव्हे काय?

आणि हे त्याचं एकट्याचं म्हणणं नव्हतं. खेळ बनवणाऱ्यांनीच तसं लिहून ठेवलं होतं. खेळ सुरू होण्याआधी एक काळी पाटी यायची. तिच्यावर तीन मुखवटे आणि खाली उजेड कमीजास्त करायची पट्टी, एक ते दहा. सूचना अशी, की पहिला मुखवटा दिसू नये, तिसरा स्पष्ट दिसावा आणि मधला जेमतेम दिसेल इतकाच उजेड ठेवा. धम्मरत्नने डोळे बारीक करून, श्वास रोखून, मधला मुखवटा जेमतेम दिसेल अशी पट्टी तीनवर आणून ठेवली होती. जेमतेम म्हणजे जेमतेम. त्याची बायको सपना पंचायत समितीत नोकरीला. तिने एकदा हा सोहळा पाहिला आणि म्हणाली, “दहावी जेमतेम, बारावी जेमतेम. आता गेमही जेमतेमच काय?” धम्मरत्नने ते मनावर घेतलं नाही. कलेतलं तिला काय कळतं, असं तो मनात म्हणाला. मोठ्याने म्हणायची त्याची छाती नव्हती.

पण समोरच्या मुकेशचं काय करायचं?

मुकेशचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान रस्त्यापलीकडे, पश्चिमेला तोंड करून. ‘गडद’चा हा पहिला आणि सर्वांत निष्ठावान प्रेक्षक. प्रत्येक भाग शेवटपर्यंत पाहायचा आणि प्रत्येक भागाखाली लिहायचा. पहिल्या भागाखाली त्याने लिहिलं, ‘लाइन गेली काय भाऊ?’ धम्मरत्नला आधी वाटलं, मुकेश गावातल्या विजेबद्दल विचारतोय. त्याने भाबडेपणाने उत्तर दिलं, ‘नाही, हाये.’ त्यावर मुकेशने लिहिलं, ‘मंग गेममधली गेली असन.’ या एका वाक्याला सदतीस जणांनी अंगठा दिला. धम्मरत्नच्या आख्ख्या व्हिडिओला अकरा होते.

तिथून जी जुंपली ती जुंपली. धम्मरत्नचं म्हणणं असं, की दोष व्हिडिओत नाही, पाहण्यात आहे. दुपारच्या उन्हात, काचेच्या काउंटरवर, बोटांच्या ठशांनी माखलेल्या मोबाइलवर जो माणूस अंधार पाहायला बसतो त्याला अंधार दिसणार कसा? आठव्या भागापर्यंत त्याने सहन केलं. नवव्या भागाच्या सुरुवातीला त्याने आज्ञाच काढली, की सर्वांनी डोक्यावरून दुपट्टा घ्यावा, मोबाइल आत धरावा आणि मगच पुढे पाहावं. मुकेश आज्ञाधारक. त्याने गाडीवर बांधायचा दुपट्टा डोक्यावरून घेतला आणि भर बाजारात काउंटरवर पंचवीस मिनिटं वाफारा घेणाऱ्या पेशंटसारखा बसून राहिला. दोन गिऱ्हाइकं ‘बरं नाही वाटते त्याले’ म्हणून परत गेली. दुपट्टा काढल्यावर त्याने लिहिलं, ‘घाम दिसला. बाकी काही नाही.’

सगळ्यांत मोठा अन्याय तिसऱ्या भागापासूनचा होता. इस्पितळाच्या लांब वऱ्हांड्याच्या टोकाला, डाव्या कोपऱ्यात, एक बाई उभी असते. ती हलत नाही, बोलत नाही, खेळ तिच्याकडे बोटही दाखवत नाही. ज्याला दिसली त्याला दिसली. तिच्यासाठी धम्मरत्नने हा खेळ निवडला होता. तो दर भागात त्या वऱ्हांड्यात थबकायचा, आवाज खाली आणायचा आणि म्हणायचा, “डाव्या कोपऱ्यात पाहा. काय हाये थे मी सांगणार नाही.” आणि खाली एकाने लिहावं, ‘कोपरा कुठे हाये?’ आता सांगा, माणसाने काय करावं?

उजेड वाढवून पाहावा, तर तेही त्याने केलं होतं. पाचव्या भागाच्या वेळी मुकेशच्या आग्रहाखातर त्याने पट्टी थेट दहावर नेली होती. काळं होतं ते सगळं राखेच्या रंगाचं झालं. ओल आलेल्या भिंती मंत्र्याच्या दौऱ्याआधी चुना मारल्यासारख्या दिसू लागल्या. धुकं होतं ते सोयाबीनच्या मळणीयंत्रामागची धूळ वाटू लागलं. खेळ बनवणाऱ्या जुन्या कारागिरांनी आपली अपुरी कामं अंधारात झाकली होती, ती उघडी पडली. भिंती मधेच संपत होत्या, दारांना मागची बाजू नव्हती. भुताचं इस्पितळ गेलं आणि तिथे उद्घाटनाची वाट पाहणारी सरकारी इमारत उभी राहिली. धम्मरत्नने ते रेकॉर्डिंग पुसून टाकलं आणि हात धुतले.

त्याच्या रागाचं मूळ मात्र या खेळात नव्हतंच. ते स्टुडिओच्या पुढच्या खोलीत होतं. अठरा वर्षं हा माणूस लग्नं टिपत होता आणि अठरा वर्षं त्याला एकच वाक्य ऐकू येत होतं, ‘जरा उजळ करा.’ नवरीची आई म्हणायची, नवरीचा मामा म्हणायचा, नवरदेव हळूच कोपऱ्यात घेऊन ‘भाऊ, आपलंही पाहा जरा’ म्हणायचा. गव्हाच्या रंगाची पोरगी आणून देत आणि मैद्याची करून मागत. धम्मरत्नच्या स्वतःच्या लग्नात दुसऱ्या फोटोग्राफरने त्यालाही असं धुऊन काढलं होतं, की अल्बम पाहताना त्याची आई बेबीताई म्हणाली, “सपनाच्या बाजूले हा कोन हाये रे?”

बरं, एवढं करून समाधान असावं? तेही नाही. स्टुडिओत खूश होऊन गेलेली माणसं चार दिवसांनी अल्बम घेऊन परत यायची. ‘इथं तं पोरगी गोरी होती, घरी नेल्यावर सावळी झाली.’ धम्मरत्न त्याचं खापर फोटो छापणाऱ्या लॅबवर फोडायचा. त्या लॅबवाल्याला तो फोनवर इतकं बोलला होता, की बिचारा आता त्याचा नंबर पाहून फोन बायकोकडे द्यायचा.

म्हणून ती मागची खोली. आख्ख्या दिवसात ते दोन तास असे होते, जिथे त्याला कुणालाही गोरं करायचं नव्हतं.

बाविसाव्या भागाखाली मुकेशने लिहिलं, ‘ब्राइटनेस वाढव ना बावा. एवढा कंजूसपना उजेडाचा.’ धम्मरत्न तडक रस्ता ओलांडून गेला. चहाच्या टपरीवर पाच-सहा जण होते, त्यांच्यासमोर तो मुकेशला म्हणाला, की तेविसावा भाग शेवटचा आहे. त्याखाली एकानेही ‘दिसत नाही’ लिहिलं, तर ‘गडद’ बंद. कायमचं. टपरीवाल्याने साक्षीला मान हलवली. रस्ता परत ओलांडताना अर्ध्यावरच धम्मरत्नला कळलं, की आपण काय बोलून बसलो. पण मागे फिरून शब्द गिळायला तो काही पुढारी नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो शेवटचा भाग रेकॉर्ड करायचा होता. टेबल मागे ढकलायला त्याने हात लावला, तेवढ्यात आसेगावचे दौलतराव आले. वांगी, भेंडी, टोमॅटो पिकवणारा बागायतदार माणूस. सोबत मुलगी राधिका. लग्नासाठी बायोडाट्याचा फोटो काढायचा होता. धम्मरत्नने काढला, आणि चांगला काढला. राधिका सावळी, तरतरीत, डोळ्यांत थोडा खट्याळपणा. फोटोत सगळं उतरलं होतं. तिने मागितला म्हणून त्याने तो तसाच तिच्या मोबाइलवर पाठवला आणि मग मॉनिटरवर उघडला. दौलतराव सवयीने म्हणालेच, की पोरीला जरा उजळ करा, पाहुणे अकोल्याचे आहेत.

धम्मरत्नने एक सुस्कारा सोडून माऊस धरला. राधिका पडद्याकडे पाहत होती.

“हे कोन हाये?” तिने विचारलं.

“तूच हायेस. आजून काही केलं नाही मी.”

“मी नाही ही.” तिने आपला मोबाइल काढला, त्यावर तोच फोटो उघडला आणि मॉनिटरच्या बाजूला धरला. एकाच फोटोतल्या दोन राधिका शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. मोबाइलवरची स्टुलावर बसलेल्या राधिकेसारखी होती. मॉनिटरवरची तिच्या कुठल्यातरी पुण्याच्या चुलत बहिणीसारखी. “काका, तुमची टीव्ही खोटं बोलून राह्यली.”

धम्मरत्नची शीर फुगली. मोबाइलचे पडदे कसे भिकार असतात, बोटांचे ठसे, दुपारचं ऊन, हे सगळं त्याला तोंडपाठ होतं आणि ते सुरू झालंही. राधिकेने ते निम्मं ऐकून घेतलं आणि वडिलांकडे वळली.

“बाबा, हिरव्या कापडाखालची भेंडी घ्याची नाही, उन्हात आणून पाह्याची, असं तुमीच सांगता ना?”

भाजीबाजारात काही जण दुकानावर हिरवं कापड ताणतात. त्याखाली निबर भेंडीही कोवळी दिसते. दौलतराव जरा घुटमळले. “थे घेताना,” ते म्हणाले. “इकताना आपनही लावतो.”

“मंग काकाची टीव्ही हिरवं कापड हाये. मले पाह्यले येनारा दिवसा येईन. तेव्हा काय हे टीव्ही घेऊन बसू बाजूले?”

दौलतरावांनी वाद घातला नाही. घरी या मुलीशी वाद घालून ते काय ते समजून चुकले असावेत. फोटो आहे तसाच छापायला सांगून बापलेक गेले.

धम्मरत्न दार लोटून मॉनिटरसमोर बसला. पडद्याच्या खालच्या कडेला, बटणांवर, एक पिवळी पडलेली चिकटपट्टी होती. ती त्यानेच लावलेली. आठ वर्षांपूर्वी एका वरमाईने अशी काही कटकट केली होती, की शेवटी त्याने फोटोला हात न लावता मॉनिटरचाच उजेड शंभरावर नेला. वरमाई खूश झाली. मग पुढचं गिऱ्हाईक खूश झालं. मग सगळीच. बटण कुणी हलवू नये म्हणून त्याने वर पट्टी मारली आणि विसरून गेला. आठ वर्षं त्या पडद्यावर आलेलं प्रत्येक माणूस आपोआप उजळत होतं. घरी जाऊन सावळं होत होतं, कारण ते मुळात सावळंच होतं. लॅबवाल्याचा काडीचा दोष नव्हता.

आणि याच पडद्यासमोर बसून त्याने मधला मुखवटा जेमतेम दिसेल अशी पट्टी लावली होती, तयार झालेले भागही इथेच पाहिले होते. त्याला जेमतेम दिसत होतं ते शंभराच्या उजेडामुळे. रेकॉर्डिंगला मॉनिटरशी काही घेणंदेणं नसतं. ते थेट खेळाच्या पोटातून चित्र उचलतं. तिथे काय होतं? मिट्ट काळोख.

त्याने चिकटपट्टी नखाने खरवडून काढली. आता उजेड नेमका किती ठेवायचा, याचं उत्तर समोरच्या भिंतीवर होतं. तिथे त्याच्या उस्तादांचा, वाशीमच्या मदनसिंगांचा फोटो टांगला होता. धम्मरत्नने पंचवीस वर्षांपूर्वी, शिकाऊ असताना, उस्तादांच्या लाल बल्बाच्या खोलीत आपल्या हाताने धुतलेला. उस्तादांनी काळा कोट घातलेला. तो फोटो त्यांनी तीन वेळा फाडायला लावला होता, कारण कोटाची गुंडी दिसत नव्हती. “काले कोट को काला रख,” ते म्हणायचे, “पर गुंडी दिखनी चाहिए. गुंडी नाही दिसली तं कोट नाही, कोळसा हाये.” चौथ्या वेळी गुंडी दिसली. जेमतेम.

धम्मरत्नने त्याच फोटोची संगणकातली प्रत उघडली आणि भिंतीवरचा कोट आणि पडद्यावरचा कोट सारखे दिसेपर्यंत मॉनिटरचा उजेड खाली आणला. शंभरावरून बेचाळीसवर. मग खेळ उघडला. काळ्या पाटीवर मधला मुखवटा गायब. तिसरासुद्धा आजारी दिसत होता. त्याने पट्टी एकेक घर पुढे सरकवली. चार, पाच, सहा. सातवर मधला मुखवटा अंधारातून उगवला.

मग त्याने धीर करून आपलाच तिसरा भाग लावला. बावीस मिनिटं काळा चौकोन. आणि त्या काळ्या चौकोनातून त्याचाच आवाज मोठ्या आत्मविश्वासाने सांगतोय, डाव्या कोपऱ्यात पाहा. असे बावीस भाग. लोक काय पाहत होते? कशाला पाहत होते? मुकेश बिचारा दुपट्टा घेऊन बसला होता! धम्मरत्नला आयुष्यात इतका राग कधी आला नव्हता, आणि ज्याच्यावर काढायचा तो स्वतःच स्टुलावर बसलेला होता. त्याने टेबलावर मूठ आपटली, ती उस्तादांच्या फोटोकडे पाहून सैल सोडली आणि मग टेबल मागच्या खोलीत ढकललं.

रेकॉर्डिंगला बसल्यावर मात्र तो पुन्हा पट्टीकडे वळला. शपथ टपरीवर झाली होती, साक्षीदार होते. सातवरही कुणा उन्हात बसलेल्याला दिसलं नाही तर? दहावर ठेवलं तर कुणाची बिशाद आहे ‘दिसत नाही’ म्हणायची? चॅनल वाचेल. त्याने पट्टी दहावर नेली. वऱ्हांडा लख्ख झाला. कोपऱ्यातली बाई रेशन दुकानाच्या रांगेत उभी असल्यासारखी ठळक दिसू लागली. चेहरा पांढराफटक, अंगावर ना सावली ना रहस्य. तिच्याकडे पाहता पाहता त्याला मॉनिटरवरची ती दुसरी राधिका आठवली.

“तुलेही गोरं करू काय मी आता?” तो पुटपुटला आणि पट्टी सातवर आणून ठेवली. बंद तर बंद.

घरी सपनाला सगळं सांगितलं तेव्हा ती हसेल असं त्याला वाटलं होतं. ती हसली नाही. लॅबवाल्याला आधी फोन करा, एवढंच म्हणाली. त्याने केला. तिकडून बायकोनेच उचलला.

तेविसावा भाग दुसऱ्या दिवशी दुपारी लागला. धम्मरत्न स्टुडिओच्या दाराच्या पडद्याआडून रस्त्यापलीकडे पाहत उभा राहिला. मुकेश काउंटरवर, मोबाइल हातात, ऊन नेहमीसारखं अंगावर. पाच मिनिटं झाली. मुकेशने बूड सरकवलं आणि दुकानाच्या आतल्या सावलीत गेला. दहा मिनिटं झाली. एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, त्याला मुकेशने हातानेच थांबवलं. मग मुकेशने मोबाइल डोळ्यांजवळ नेला, एकदम लांब धरला आणि पुन्हा जवळ नेला. धम्मरत्नने पडद्याची कडा मुठीत घट्ट धरली होती.

मुकेश दुकानाबाहेर आला. त्याने काही लिहिलं नाही. रस्त्याच्या मधोमध येऊन, मागून येणाऱ्या ऑटोला न जुमानता, त्याने जरा खालच्या आवाजात विचारलं, “धम्मूभाऊ, थे डाव्या कोपऱ्यात बाई कोन उभी हाये?”

धम्मरत्न पडदा फेकून बाहेर आला. माफी मागायची असं त्याने सकाळीच ठरवलं होतं, वाक्यही जुळवून ठेवलं होतं. पण तोंड उघडलं आणि कानशिलावरची शीर टरारून फुगली.

“आता इचारून राह्यला?” तो गरजला. “तिसऱ्या भागापासून उभी हाये थे तिथं. पाय दुखले असतील तिचे!”